शनिवारी दुपारी तीन वाजता

दोन दिवसांत चार सामने, तेही परक्या शहरात आणि ज्यांच्याशी आपलं काही देणंघेणं नाही अशा संघांचे. हा बेत ऐकवला की समोरच्याला 'दहा दिवसांत आठ देश' छापाच्या सहली आठवतात: बस थांबली, फोटो काढले, बस सुटली. आक्षेप अगदीच खोटा नाही. मैदानांच्या यादीवर फुल्या मारत फिरणारे लोक आहेत. इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींतल्या सगळ्या ९२ क्लबांची मैदानं पाहून झालेल्यांची एक वेगळी मंडळीच आहे. तरीही माझं म्हणणं असं की लंडनला जाऊन फुटबॉलचा एकच सामना पाहणारा माणूस चार पाहणाऱ्यापेक्षा जास्त फसतो. एकच पाहायचा म्हटलं की सर्वांत मोठा निवडला जातो, आणि सर्वांत मोठ्या सामन्यात लंडन सर्वांत कमी असतं. तो सामना जगभरच्या पडद्यांसाठी मांडलेला असतो आणि मैदानातला प्रेक्षक त्या मांडणीचा भाग असतो. चार पाहिले, आणि ते चार वेगवेगळ्या पायऱ्यांवरचे पाहिले, तर हळूहळू कळू लागतं की एकेका वस्तीने शंभर-सव्वाशे वर्षं एकेक क्लब कसा धरून ठेवला, कुणी तो हिसकावून नेला, आणि कुणी पुन्हा उभा केला. हे कळायला तुलना लागते आणि तुलनेला एकापेक्षा जास्त सामने लागतात.

शहर लंडनच का, याला कारण आहे. इथे वरच्या चार श्रेणींत मिळून दर हंगामात बारा-चौदा व्यावसायिक क्लब असतात आणि ते सगळे एकाच भुयारी व उपनगरी रेल्वेच्या जाळ्यात येतात. गंमत म्हणजे या खेळाची संघटित सुरुवात लंडनची नाही. १८८८ साली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा तिच्यात बारा क्लब होते, सहा लँकेशरचे आणि सहा मिडलंड्सचे. राजधानीचा एकही नव्हता. वुलिच आर्सेनल लीगमध्ये आला तो १८९३ मध्ये. वेळापत्रकही उत्तरेकडच्या गिरण्यांनी ठरवलं. १८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला संपवलं, आणि मग हळूहळू बाकीच्यांचंही संपू लागलं. दोनला भोंगा, घरी किंवा गुत्त्यावर एक चक्कर, तीनला मैदान. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, शनिवारची सुट्टी अख्खी झाली, तरी तीनची वेळ टिकली. डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आतच मावळतो. म्हणजे पहिला अर्धा भाग करड्या उजेडात आणि दुसरा दिव्यांखाली होतो. सोयीचा विचार केला तर सामना एकला सुरू व्हायला हवा. पण लाखो लोकांच्या अंगवळणी पडलेली वेळ अशी सहजासहजी हलत नाही.

ही वेळ कायम राहण्यात एका बंदीचाही वाटा आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासाचं खरं समर्थन त्या बंदीत आहे. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये कोणताही फुटबॉल सामना टीव्हीवर थेट दाखवत नाहीत. १९६० च्या दशकात बर्न्ली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला. मोठ्या क्लबांचा खेळ घरबसल्या दिसू लागला तर लहान क्लबांच्या दारात कोण उभं राहणार, हा त्यांचा सवाल होता. आज प्रक्षेपणाच्या हक्कांचे आकडे अब्जावधी पौंडांत गेले तरी हा नियम शाबूत आहे. त्यामुळे एक विचित्र उलटापालट होते. शनिवारी तीनला लंडनमध्ये सुरू झालेला प्रीमियर लीगचा सामना हिवाळ्यात दादरच्या माणसाला रात्री साडेआठला जेवता-जेवता पाहता येतो, आणि मैदानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या लंडनकराला मात्र तो अधिकृतपणे दिसत नाही. त्याला जावंच लागतं, किंवा रेडिओ लावावा लागतो. आज जगात टीव्हीने न गिळलेल्या खेळाच्या वेळा बोटावर मोजण्याइतक्या उरल्या असतील. ही त्यांतली एक. ती पाहायला प्रवास करावा हे मला हौसेपेक्षा जास्त हिशेबाचं वाटतं.

आता बेताबद्दल. कागदावर शुक्रवार रात्रीपासून रविवार संध्याकाळपर्यंत सहा-सात सामने बसतात: शुक्रवारी रात्री आठला दुसऱ्या श्रेणीचा, म्हणजे चॅम्पियनशिपचा एखादा, शनिवारी साडेबारा, तीन आणि साडेपाच, रविवारी बाराला महिलांचा, मग दोन आणि साडेचार. प्रत्यक्षात साडेबाराचा सामना संपायला दोन-पंचवीस होतात, स्टेशनाबाहेर पोलिसांनी रांगा लावलेल्या असतात, आणि तीनच्या सामन्याला धापा टाकत पोचणाऱ्याला पहिला गोल बाहेरच ऐकू येतो. शिवाय इंग्लंडची रेल्वे रुळांची दुरुस्ती शनिवार-रविवारीच काढते. त्यामुळे आदल्या आठवड्यात कोणत्या लाइन बंद आहेत हे न पाहता निघणारा माणूस रेल्वेने ठेवलेल्या बदली बसमध्ये बसून शहर फार बारकाईने पाहतो. दुसरी अडचण टीव्हीची. हंगामाचं वेळापत्रक जूनमध्ये जाहीर होतं, पण ते कच्चं असतं. वाहिन्या आपले सामने निवडतात तसे शनिवारचे सामने रविवारी, सोमवारी, शुक्रवारी सरकतात. विमानाचं तिकीट आधी काढलं आणि सामना सोमवारी गेला, अशी फसगत परदेशी पाहुण्यांची नेहमीच होते. खालच्या श्रेणींतही असे बदल होतात, पण कमी. म्हणून बेताचा पाया खालच्या श्रेणीवर घालावा आणि वरचा सामना जमला तर जमला असं समजावं. चार सामने हा माझा आकडा याच हिशेबातून येतो: शुक्रवारी एक, शनिवारी तीनचा एक, रविवारी दोन. शनिवारी तीनच्या अलीकडे-पलीकडे काहीही बसवू नये. का, ते लेटनला गेल्यावर कळतं.

सुरुवात मात्र मी फुलहॅमच्या मैदानाने करीन, सामना असो-नसो. पटनी ब्रिज स्टेशनवर उतरून टेम्सच्या काठाने, बिशप्स पार्कमधल्या मोठ्या झाडांखालून चालत गेलं की स्टीव्हनेज रोडवर एक लांबलचक लाल विटांची भिंत लागते. समोर दुमजली घरांची ओळ, आणि ही भिंतही त्या ओळीतलंच एक जरा ऐसपैस घर वाटावं अशी. खिडक्या आहेत, कमानी आहेत, वर क्लबचं नाव विटांतच बसवलेलं आहे. ही क्रेव्हन कॉटेज या मैदानाची १९०५ सालची इमारत. ती बांधणारा आर्किबाल्ड लीच मुळात कारखाने बांधणारा स्कॉटिश माणूस. १९०२ मध्ये ग्लासगोला त्याच्याच हातच्या आयब्रॉक्स मैदानात लाकडी स्टँड कोसळून २५ माणसं गेली, तरी पुढची तीसेक वर्षं ब्रिटनमधल्या बहुतेक मोठ्या मैदानांचं काम त्यालाच मिळत राहिलं. आत त्या काळच्या लाकडी घडीच्या खुर्च्या अजून आहेत. त्यांवर आजचा माणूस बसला की गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात, कारण त्या गेल्या शतकाच्या मापाच्या आहेत. कोपऱ्यात गच्ची असलेली एक बंगली आहे, लोक तिलाच कॉटेज म्हणतात, आणि खेळाडू तिथूनच मैदानात उतरतात. भिंत आणि बंगली दोन्ही वारसा यादीत असल्याने पाडता येत नाहीत. नदीच्या बाजूला मात्र नवा स्टँड उभा राहिला आहे, वर खाण्यापिण्याच्या महागड्या सोयींसह. एका मैदानात समोरासमोर दोन शतकं बसलेली इतक्या उघडपणे क्वचितच दिसतात. बाहेर जॉनी हेन्सचा पुतळा आहे. फुटबॉलपटूंना आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार देऊ नये हा नियम १९६१ मध्ये रद्द झाला आणि फुलहॅमने हेन्सला १०० पौंड दिले. ब्रिटिश फुटबॉलमधला तो पहिलाच. आजच्या खेळाडूंच्या पगारापुढे तो आकडा हास्यास्पद वाटेल, पण आजच्या पगारांचा रस्ता तिथूनच सुरू होतो.

शनिवारी तीनला लेटन. सेंट्रल लाइनवर पूर्वेकडे उतरायचं, हाय रोडने पंधरा मिनिटं चालायचं. फुलहॅमच्या झाडांनंतर हा रस्ता डोळ्याला खडबडीत लागतो, आणि लागावाच. लेटन ओरिएंटचं ब्रिस्बेन रोड मैदान नऊ-साडेनऊ हजार माणसांचं. क्लबला पैशांची चणचण होती तेव्हा मैदानाचे चारही कोपरे बिल्डरला विकले गेले आणि तिथे फ्लॅट उभे राहिले. सामना सुरू असताना चौथ्या-पाचव्या मजल्याच्या बाल्कनीत लोक चहाचा कप घेऊन उभे असतात. तिकीट नाही, रांग नाही. घराच्या किमतीत सामना. हे दृश्य पाहून पहिल्यांदा हसू येतं, मग लक्षात येतं की लहान क्लब जगतो तो असाच, स्वतःच्या अंगाचे तुकडे विकून. क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कात तर एका गोलमागच्या स्टँडला लागूनच सुपरमार्केट आहे. तीही अशाच अडचणीच्या दिवसांतली विक्री. ओरिएंटच्या बाबतीत क्लब धरून ठेवण्याचा हट्ट आणखी मागे जातो. पहिल्या महायुद्धात या क्लबचे खेळाडू आणि कर्मचारी मिळून ४१ जण 'फुटबॉलर्स बटालियन'मध्ये भरती झाले. रिचर्ड मॅकफॅडन, जॉर्ज स्कॉट आणि विल्यम जोनास हे तिघे १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत कामी आले. जवळजवळ शंभर वर्षांनी, २०११ मध्ये, समर्थकांनी वर्गणी काढून फ्रान्समध्ये त्यांचं स्मारक उभारलं. वर्गणी काढणाऱ्यांपैकी कुणीही त्या तिघांना खेळताना पाहिलेलं असणं शक्य नव्हतं.

इथे सामन्याचा दर्जा काय, असं विचारणारे विचारतीलच. दर्जा कमीच असतो. पास चुकतात, चेंडू दोन-दोन मिनिटं हवेत राहतो, बचावपटू शंका आली की सरळ प्रेक्षकांत मारतात. पण बाराव्या रांगेतून खेळाडूंचं एकमेकांवर ओरडणं स्पष्ट ऐकू येतं, गोलकीपर बचावफळीला हात करून अक्षरशः शिव्या घालत जागेवर आणतो, आणि टीव्हीने दाखवलेला गुळगुळीत खेळ मुळात किती धडकांचा आहे हे अंगाला कळतं. मध्यंतरात रांग लागते ती 'पाय' (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि बोव्हरिलची. बोव्हरिल म्हणजे गोमांसाचा अर्क गरम पाण्यात घालून केलेलं काळपट, खारट पेय. थंडीत हात शेकायला उत्तम. पण शाकाहारी माणसाने नुसतंच हातात धरावं आणि चिप्स खाव्यात. बिअर आतल्या बोळातच प्यावी लागते. १९८५ च्या कायद्याने मैदान नजरेस पडेल अशा जागी मद्य पिण्यास बंदी आहे. आणि तीनच्या आधी-नंतर काही ठेवू नये ते एवढ्यासाठी की अर्धा सामना मैदानाबाहेरच असतो: दोनपासून रस्त्याकडेच्या पबमध्ये आणि पावणेपाचनंतर हाय रोडवर घरी परतणाऱ्या बापलेकांच्या, आजोबा-नातवंडांच्या गर्दीत. ज्याला साडेपाचला दुसऱ्या टोकाला पोचायचं आहे त्याला यातलं काही दिसत नाही.

यावर एक मजबूत आक्षेप आहे. वस्ती आणि क्लब यांच्या नात्याची ही गोष्ट भाबडी आहे, इतिहास वेगळंच सांगतो, असं कुणी म्हणू शकेल. आणि पुरावे त्याच्या बाजूने भरपूर आहेत. आर्सेनल मूळचा नदीच्या दक्षिणेचा, वुलिचच्या दारूगोळा कारखान्यातल्या कामगारांचा; १९१३ मध्ये गर्दी आणि गल्ला वाढावा म्हणून त्याने थेट उत्तर लंडन गाठलं. चेल्सीचं तर मैदान आधी होतं, क्लब नंतर काढला, १९०५ साली, मैदान रिकामं पडू नये म्हणून. वेस्ट हॅमने २०१६ मध्ये अप्टन पार्क सोडून ऑलिंपिकच्या स्टेडियमात बस्तान हलवलं, आणि ज्या ग्रीन स्ट्रीटवर सामन्याच्या दिवशी साडी-मिठाईची दुकानं आणि वेस्ट हॅमचे शर्ट एकाच फुटपाथवर गर्दी करत, तिथे मैदानाच्या जागी इमारती आल्या. बार्नेट क्लबचं मैदान २०१३ पासून बार्नेटमध्येच नाही. ते कॅनन्स पार्कजवळ, हॅरोच्या हद्दीत आहे. (हॅरो-वेम्बली भागात राहणाऱ्या मराठी घरांच्या दृष्टीने हा क्लब अगदी शेजारचा. महाराष्ट्र मंडळाच्या डॉलिस हिलपासून ज्युबिली लाइनने सरळ कॅनन्स पार्क. २०२५ मध्ये बार्नेट पुन्हा चौथ्या श्रेणीत आला, तेव्हा पाहुण्यांना वेम्बलीची कमान दाखवून झाल्यावर तिथे न्यायला हरकत नाही.) म्हणजे मालकांनी क्लब हलवले, विकले, कधी बुडवलेही. हे सगळं मान्य करूनच मी बोलतो आहे. मूळ धरून राहणं हा या क्लबांचा स्वभाव नव्हता. जिथे क्लब जागेवर राहिला तिथे बहुतेकदा लोकांनी भांडून तो ठेवला, आणि त्या भांडणाच्या खुणा मैदानात गेल्याशिवाय दिसत नाहीत.

चार्लटनचं उदाहरण घ्या. १९८५ मध्ये क्लबने व्हॅली हे मैदान सोडलं आणि दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाड थाटलं. परतायचं ठरलं तर ग्रिनिचच्या पालिकेने बांधकामाचा आराखडा नामंजूर केला. समर्थकांनी मग १९९० च्या पालिका निवडणुकीत 'व्हॅली पार्टी' नावाचा पक्षच उभा केला, मुद्दा एकच, मैदान. सुमारे १५ हजार मतं मिळाली. जागा एकही नाही. पण पुढे परवानगी मिळाली आणि ५ डिसेंबर १९९२ ला क्लब घरी आला. विम्बल्डनची कथा याहून कडू आहे. १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेला हा क्लब मिल्टन कीन्सला, म्हणजे ऐंशी-नव्वद किलोमीटर दूर नेण्यास २००२ मध्ये फुटबॉल असोसिएशनने नेमलेल्या समितीने मान्यता दिली. समर्थकांनी महिन्याभरात एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला, विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि नवव्या पायरीवरून सुरुवात केली. २०११ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये पोचले. २०२० च्या नोव्हेंबरात, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर, त्याच प्लाउ लेनवर त्यांचं नवं मैदान सुरू झालं, तेही कोविडमुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर. क्लबची मालकी आजही प्रामुख्याने समर्थकांच्या ट्रस्टकडे आहे. आपल्याकडे पुण्याकडे पाहा. आयपीएलची पुणे वॉरियर्स २०१३ ला संपली, रायझिंग पुणे दोन हंगाम खेळून २०१७ ला गेली, आणि आयएसएलची एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये विकली जाऊन तिच्या जागी हैदराबादचा संघ आला. पुणेकरांनी चार दिवस हळहळ केली असेल. तुलना पूर्ण न्यायाची नाही, हे कबूल: दोन-पाच वर्षांच्या संघासाठी कोण कॉमनवर जाऊन उभं राहील? विम्बल्डनच्या मागे १८८९ पासूनचा जुना जमाखर्च होता. पण संघ नेता येतो आणि क्लब नेताना लोक आडवे येतात, हा फरक इथे पुरेसा उघड होतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही, कारण कोल्हापूर आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, प्रॅक्टिस क्लब, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ अशा पेठांच्या आणि तालमींच्या नावांनी तिथे फुटबॉल खेळला जातो, शाहू स्टेडियम भरतं, आणि सामन्यानंतर कोणत्या रस्त्याने कुणी जायचं यावर पोलिसांना लक्ष ठेवावं लागतं. व्यावसायिकतेचा भाग वेगळा. पण वस्तीने संघ पोसायचा आणि संघाने वस्तीचं नाव राखायचं हा व्यवहार तोच. कोल्हापूरकर लेटनला गेला तर त्याला बोव्हरिल सोडून काहीच समजावून सांगावं लागणार नाही. मला तर वाटतं की मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकापेक्षा, ज्याच्या लेखी फुटबॉल म्हणजे रात्री उशिराचा टीव्ही, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या माणसाला लंडनचा शनिवार जास्त कळेल.

रविवारी बाराचा महिलांचा सामना अनेक जण बेतात भर म्हणून घालतात. माझ्या लेखी तो गाळण्यासारखा नाही, कारण खेळाच्या मालकीची गोष्ट इथे आणखी एका वळणावर जाते. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना पाहायला ५३ हजारांच्या आसपास लोक आत होते. पुढच्याच वर्षी फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी केली, आणि ती जवळपास पन्नास वर्षं राहिली. आज आर्सेनलच्या महिला क्लबच्या एमिरेट्स मैदानावर खेळतात, त्याची पार्श्वभूमी अशी आहे. चेल्सीच्या महिला संघाने २०१७ मध्ये ज्या किंग्समेडोवर बस्तान बसवलं ते किंग्स्टनचं छोटं मैदान त्याआधी बेघर झालेल्या एएफसी विम्बल्डनचं घर होतं. तेच विकून विम्बल्डनने प्लाउ लेनकडे वाट काढली. एका वंचिताने दुसऱ्याला जागा दिली, असं लिहायचा मोह होतो, पण चेल्सी काही वंचित नव्हे. या सामन्यांना येणारी गर्दी वेगळी असते: लहान मुली जास्त, शिवीगाळ कमी, तिकीट स्वस्त. काहींना त्यात रविवारच्या सहलीचं मवाळपण वाटतं. मला ते मवाळपण नको असं वाटलेलं नाही.

राहिला मोठा सामना, रविवारी साडेचारचा. एमिरेट्स ६० हजारांहून जास्त माणसांचं, टॉटनहॅमचं नवं मैदान त्याहूनही थोडं मोठं, ज्याचं गवत अमेरिकन फुटबॉलसाठी बाजूला सरकवता येतं. तिथे गेल्यावर डोळे दिपतात, यात दुमत नाही. आणि खरा जाणकारीचा खेळ, चेंडू नसलेल्या दहा जणांची हालचाल, मैदानातूनच दिसते, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. पण आर्सेनल स्टेशनवर उतरलात तर मैदानाकडे जायच्या आधी दोन गोष्टी पाहाव्यात. फलाटाच्या फरशांवर अजून 'गिलेस्पी रोड' हे जुनं नाव आहे; १९३२ मध्ये ते बदलून क्लबचं नाव दिलं गेलं. आणि जवळच अ‍ॅव्हनेल रोडवर, अरुंद घरांच्या रांगेत, हायबरीच्या जुन्या मैदानाचा दर्शनी भाग जसाच्या तसा उभा आहे. आत आता फ्लॅट आहेत, खेळपट्टीच्या जागी रहिवाशांची बाग. नव्या मैदानाबाहेर दोन्ही संघांचे रंग अर्धे-अर्धे असलेले स्कार्फ विकायला असतात. हे स्कार्फ पाहुणे घेतात आणि जुने समर्थक त्यांची टर उडवतात. या टरीमागे राग आहे आणि तो समजून घ्यायला हवा. बाहेरगावचा पाहुणा महाग तिकीट घेतो, दुकानात शंभर पौंड उधळतो. साहजिकच क्लबला पिढीजात सीझन तिकीटवाल्यापेक्षा तो प्यारा वाटू लागतो. पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी तिकीट ३० पौंडांपर्यंत रोखण्याचा नियम २०१६ मध्ये आला तो समर्थकांच्या अशाच दडपणाखाली. तेव्हा परक्या माणसाने येऊन स्थानिकाची जागा खाल्ली हा या प्रवासावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला वाटतो, आणि मोठ्या सामन्यापुरता त्याला माझ्याकडे उत्तर नाही. काळ्या बाजारातून तिकीट घेऊ नये एवढं तर नक्कीच. फुटबॉलची तिकिटं अशी विकणं इंग्लंडमध्ये १९९४ पासून गुन्हा आहे. खालच्या श्रेणीत मात्र गणित उलटं होतं. तिथे खुर्च्या रिकाम्या असतात, आणि पंचवीस-तीस पौंड देऊन आत आलेला परका माणूस कुणाची जागा खात नाही. दिव्यांच्या बिलाला हातभार लावतो.

शेवटचा आक्षेप निष्ठेचा. ज्याला हरल्याचं दुःख नाही त्याने काय पाहिलं, असं खरे समर्थक म्हणतात, आणि ते बरोबर बोलतात. प्रवासी माणसाला ते दुःख मिळणार नाही. तीस वर्षं एकाच खुर्चीवर बसून संघाची अधोगती पाहणाऱ्याला जे कळतं ते दोन दिवसांत विकत मिळत नाही. पण तोच समर्थक स्वतःच्या मैदानात इतका गुंतलेला असतो की शेजारच्या मैदानात पाहुणा म्हणून शिरला तरी त्याला फक्त शत्रू दिसतो. फुलहॅमची भिंत, लेटनच्या बाल्कन्या आणि प्लाउ लेन एकाच गोष्टीचे तुकडे आहेत हे त्याने पाहावं तरी कशाला? ते काम अलिप्त माणसाचं. म्हणून वेळ किंवा पैसा आखडला तर चारांतला रविवारचा साडेचारचा सामना आधी सोडावा. त्याचं तिकीट सर्वांत महाग, जागा सर्वांत वर, आणि तो सामना परत आल्यावर ठाण्यातल्या सोफ्यावरूनही पाहता येतो. शुक्रवारचा मात्र सोडू नये: त्या रात्री साउथ बर्मंडझीला उतरून मिलवॉलचं मैदान पाहावं, किंवा शेफर्ड्स बुशजवळचं क्वीन्स पार्क रेंजर्सचं, जिथे स्टँड खेळपट्टीच्या इतके अंगावर आलेले आहेत की कॉर्नर घेणाऱ्याला पहिल्या रांगेतला माणूस काय पुटपुटतो ते ऐकू जातं.